रेडिओ मोटारीत, किल्ली कारखान्यात

अमेरिकेतील रस्त्यांवर धावणाऱ्या मोटारींचे सरासरी वय २०२४ साली १२.६ वर्षांवर गेले. त्या देशाच्या सुबत्तेविषयी आपल्याकडे ज्या कल्पना आहेत त्यांच्याशी हा आकडा जुळत नाही. पण नवी मोटार परवडत नाही म्हणून जुनीच दुरुस्त करीत वापरणारा फार मोठा वर्ग तेथे आहे. अशा मोटारीचा रेडिओ कधीतरी बिघडतो. नवा संच महाग पडतो, दुसऱ्या कंपनीचा बसवावा तर अनेकदा डॅशबोर्डची मोडतोड करावी लागते. म्हणून मालक भंगाराच्या आवारात जातो आणि अपघातात निकामी झालेल्या त्याच नमुन्याच्या मोटारीतून कारखान्याचाच रेडिओ विकत घेतो. पैसे मोजलेले असतात, पावती हातात असते. संच खाचेत नेमका बसतो, तारांची जोडणी जुळते, आणि कळ दाबल्यावर पट्टीवर एकच शब्द उमटतो : ‘लॉक्ड’. हा संच या मोटारीचा नव्हे, असा निवाडा खुद्द संचानेच दिलेला असतो.

मोटारीत गाणे वाजले नाही म्हणून साप्ताहिकाची जागा का अडवावी, असे कोणी विचारील. रेडिओ ही चैनीची वस्तू आहे हे मान्य करू. पण विकलेल्या वस्तूवर विकणाऱ्याचा ताबा किती काळ राहावा, हा जो प्रश्न आज ट्रॅक्टरपासून टेलिफोनपर्यंत सर्वत्र उभा आहे, तो या लहानशा पेटीत फार स्पष्ट दिसतो. शिवाय तिची कहाणी शंभर वर्षांच्या आत घडलेली आहे, त्यामुळे कोणत्या वळणावर काय झाले हे तपासून पाहता येते.

शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी १९३० साली ‘मोटोरोला’ या नावाने मोटारीत बसविण्याजोगा रेडिओ बाजारात आणला. १९३२ साली जर्मनीत ब्लाउपुंक्ट कंपनीने आपला संच काढला. ही यंत्रे अवजड होती, महाग होती, आणि ती बसविणे हे कुशल कारागिराचे दिवसभराचे काम असे. पुढे ट्रान्झिस्टर आला, पेटी लहान झाली, आणि जर्मन मानकसंस्थेने तिचे माप ठरविले : दर्शनी बाजू १८० मिलिमीटर रुंद, ५० मिलिमीटर उंच. हेच माप १९८४ साली आंतरराष्ट्रीय मानक झाले. नव्वदीच्या दशकात तारांच्या जोडणीचेही मानक आले. एका खोबणीत वीजपुरवठा, दुसरीत ध्वनिक्षेपकांच्या तारा. कोणत्या टोकाला सतत वीज, कोणत्या टोकाला किल्ली फिरविल्यावर येणारी वीज, हे सारे क्रमांकानिशी ठरले. कोणाचाही रेडिओ कोणाच्याही मोटारीत बसावा, ही त्यामागची साधी कल्पना होती.

काही कंपन्यांनी या मानकालाही हळूच बगल दिली. फोक्सवॅगनच्या कित्येक गाड्यांत सतत विजेचे आणि किल्लीच्या विजेचे टोक यांची अदलाबदल केलेली आढळते. बाहेरचा संच तेथे सरळ जोडला तर तो वाजतो, पण किल्ली काढताच त्याची स्मृती पुसली जाते आणि सारी केंद्रे पुन्हा लावावी लागतात. मात्र ज्याला दोन तारा ओळखता येतात असा कोणताही मेकॅनिक हा घोळ निस्तरू शकत होता. दुरुस्ती अजून माणसाच्या हातात होती.

मग चोरीचा प्रश्न आला आणि तो खरा होता. १९८०च्या दशकात न्यू यॉर्कमध्ये लोक मोटारीच्या काचेवर ‘आत रेडिओ नाही’ अशा पाट्या लावीत, कारण रेडिओसाठी काच फोडणे हा चोरांचा नित्याचा उद्योग झाला होता. कित्येकजण संच काढून बगलेत मारून उपाहारगृहात जात. यावर कंपन्यांनी सांकेतिक क्रमांकाचा उपाय काढला. वीज तुटली की रेडिओ मुका होतो आणि क्रमांक दिल्याशिवाय बोलत नाही. फोक्सवॅगनच्या संचावर अशा वेळी ‘सेफ’ हा शब्द दिसे. दोनदा चुकीचा आकडा घातला तर तासभर थांबावे लागे. चोराला निरुपयोगी ठरलेली वस्तू चोरण्यात अर्थ उरत नाही, हा त्यामागचा तर्क बिनचूक होता. संच आत मुका आहे हे काच फोडण्यापूर्वी चोराला कळावे कसे, एवढीच काय ती अडचण.

या उपायात मालकाचा मान राखला गेला होता, हे महत्त्वाचे. क्रमांक एका कागदावर छापून मोटारीबरोबर दिलेला असे. मोटार विकताना तो कागदही नव्या मालकाकडे जाई, निदान जावा अशी अपेक्षा असे. तिसऱ्या-चौथ्या मालकापर्यंत तो पोचत नसे आणि मग बॅटरी बदलली की रेडिओ मुका, ही तक्रार जुनी आहे. परंतु त्यावर तोड निघू शकते. होंडा कंपनी अमेरिकेत मालकाला संचाचा अनुक्रमांक आणि मोटारीचा क्रमांक सांगितल्यावर हा आकडा विनामूल्य देते. मालकाची ओळख पटवून घ्यावी आणि कुलूप उघडून द्यावे, यापलीकडे चोरीच्या बंदोबस्ताला काही लागत नाही, हे एका मोटार-कंपनीनेच सिद्ध केले आहे.

खरे वळण आले ते २००० नंतर. मोटारीतील निरनिराळी यंत्रे एका जाळ्यात जोडली गेली आणि रेडिओ त्या जाळ्याचा एक घटक झाला. जनरल मोटर्सच्या त्या काळातील अनेक गाड्यांत रेडिओ आपल्या मोटारीचा ओळख-क्रमांक, आपल्याकडे ज्याला चासी नंबर म्हणतात तो, लक्षात ठेवतो. मोटार सुरू होताच जाळ्यावरून येणारा क्रमांक तो आपल्या स्मृतीतील क्रमांकाशी ताडून पाहतो. जुळला नाही तर बंद. मालकापाशी कागद नाही, घालावयाचा आकडा नाही. उघडण्याचे यंत्र अधिकृत विक्रेत्यापाशी. त्याच गाड्यांपैकी पुष्कळांत सीटचा पट्टा बांधण्याची, दार उघडे राहिल्याची, दिवे चालू राहिल्याची सूचना देणारी घंटाही रेडिओतूनच वाजते. म्हणजे कंटाळून बाहेरचा संच बसवावा तर या सूचनाही मुक्या होतात, आणि त्या परत आणण्यासाठी आणखी एक जोडपेटी विकत घ्यावी लागते. घंटेसारखी सुरक्षेची साधी गोष्ट गाण्याच्या पेटीत का ठेवली, याचे उत्तर काटकसर हे असू शकेल. परिणाम मात्र मालकाला जखडून ठेवण्याचा झाला. ऑडीच्या गाड्यांत तर याच्याही पुढची पायरी आहे. तेथे संच बदलला की अधिकृत गॅरेजमधून थेट कंपनीच्या मुख्य संगणकाशी संधान बांधून संमती मिळवावी लागते. भंगारातून घेतलेल्या वस्तूला जर्मनीहून होकार यावा लागतो!

चोर येथे कोठे राहिला? डॅशबोर्डच्या आकारात घडविलेला, त्याच नमुन्याच्या मोटारीवाचून कोठेही न बसणारा संच चोरून फारसे काही साधत नाही. चोरीसाठी आणलेले कुलूप चोरी ओसरल्यावरही राहिले, आणि आता ते जुन्या वस्तूंच्या बाजारावर पहारा देते. भंगारातील संच वापरता येत नाही म्हणून नवा घ्यावा लागतो. तो उघडून घ्यायचा तर विक्रेत्याच्या दारात उभे राहावे लागते. दोन्ही वाटांनी पैसा एकाच गल्ल्यात जातो. चौकातल्या लहान गॅरेजवाल्याचे काम बुडते ते वेगळेच.

कायद्याने या कुलपाला आधार दिला, हा या कहाणीतील सर्वांत खेदजनक भाग. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे ग्रंथस्वामित्व असलेल्या कृतीवरील अंकीय कुलूप तोडणे निषिद्ध आहे, आणि मोटारीतील आज्ञावली ही अशी कृती मानली जाते. पुस्तके आणि चित्रपट यांची नक्कल रोखण्यासाठी केलेला नियम अशा रीतीने इंजिनाला आणि रेडिओला लागू झाला. २०१५ साली मोटारीच्या दुरुस्तीसाठी त्यातून सवलत देण्यात आली, तेव्हा करमणुकीची आणि दूरसंदेशाची यंत्रणा नेमकी वगळण्यात आली. मालकाने इंजिनाच्या आज्ञावलीला हात लावला तर चालेल, पण रेडिओच्या नाही! २०१८ साली ही विसंगती बऱ्याच अंशी दूर झाली आणि मालकाला दुसऱ्याची मदत घेण्याचीही मुभा मिळाली. तरीसुद्धा कुलूप उघडण्याची साधने बनवून विकण्यास या सवलतीने परवानगी मिळत नाही. म्हणजे हक्क आहे, हत्यार नाही.

खाजगी मालमत्तेचे पावित्र्य जगाला शिकविणाऱ्या देशात हे घडते. समाजवाद्यांवर एरवी आरोप होतो तो माणसाची मालमत्ता हिरावून घेण्याचा. येथे एका कामगाराच्या मोटारीतील तीस-चाळीस डॉलरच्या पेटीवरील त्याचा ताबा बड्या कंपन्यांनी काढून घेतला आहे, आणि त्या मालमत्तेचा कैवार समाजवाद्यांना घ्यावा लागत आहे.

कंपन्यांचा प्रतिवाद ऐकून घेतला पाहिजे. आजचा मोटार-रेडिओ दूरध्वनीच्या जाळ्याशी जोडलेला असतो, परका संच आत घेतला तर परका माणूसही आत शिरेल, असे त्या म्हणतात. ही भीती काल्पनिक नाही. जुलै २०१५ मध्ये दोन अमेरिकी संशोधकांनी एका जीप मोटारीच्या करमणूक-संचातून दुरूनच तिच्या यंत्रणेत प्रवेश करून दाखविला. धावती गाडी त्यांना मंदावता आली, आणि कंपनीला १४ लाख वाहने दुरुस्तीसाठी परत बोलवावी लागली. परंतु तो संच भंगारातून आणलेला नव्हता. कारखान्याने बसविलेला, अस्सल असा तो होता. दार उघडे राहिले होते ते कारखान्याच्याच हातून. दुसऱ्याच्या मोटारीतील संच नाकारणारे कुलूप आणि बाहेरच्या घुसखोराला अडविणारे कुलूप ही दोन वेगळी कुलपे आहेत. पहिले आहे म्हणून दुसरे असतेच असे नाही, आणि दुसऱ्याच्या नावाखाली पहिल्याचे समर्थन होऊ शकत नाही.

मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांना हा फरक कळला असावा. तेथे २०१२ साली मतदानाने दुरुस्तीच्या हक्काचा कायदा संमत झाला. दूरसंदेश-यंत्रणेची पळवाट राहिली, म्हणून २०२० साली पुन्हा मतदान झाले आणि सुमारे ७५ टक्के मते हक्काच्या बाजूने पडली. कंपन्यांच्या संघटनेने त्याच महिन्यात न्यायालय गाठले. खालच्या न्यायालयाने तो दावा फेटाळायला २०२५ उजाडले.

आपल्याकडे अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या काळात रेडिओ बहुधा मालक स्वतःच निवडून बसवून घेई, आणि मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात हिंडणाऱ्याला कुलपाची चिंता नव्हती. बंधन होते ते सरकारचे. ऐंशीच्या दशकापर्यंत रेडिओ बाळगायला टपाल कार्यालयाचा परवाना लागे आणि दरवर्षी शुल्क भरावे लागे. ते जाचक होते, पण त्याचा दर उघड होता आणि संसदेत त्यावर प्रश्न विचारता येत होता. ज्या परवान्याचा कागदच नाही त्याबद्दल कोणाला विचारायचे?

तरी भारतात या बाबतीत अगदीच अंधार नाही. एका ग्राहकाने २०११ साली केलेल्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने चौकशी केली आणि ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार-कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोष शोधण्याची यंत्रे बाहेरच्या गॅरेजांना मिळू दिली जात नाहीत, हा मुख्य ठपका होता. कंपन्या अपिलात गेल्या, आणि त्या वेळच्या आदेशात संकेत-कुलपांचा विचार आजच्या विस्ताराने होणे शक्यही नव्हते. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली. शेतीची अवजारे आणि मोटारी ही दोन्ही क्षेत्रे तिने निवडली आणि वर्षअखेरीस माहितीचे संकेतस्थळही सुरू झाले. माहिती देणे कंपन्यांच्या मर्जीवर सोडले तर त्यातून ग्राहकसेवा केंद्राचा दूरध्वनी क्रमांक मिळेल, संचाचा क्रमांक मिळणार नाही.

ज्या जागी बोट ठेवता येईल अशी एक जागा मात्र आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे नोंदणीकृत भंगार केंद्रात मोटार मोडीत काढली की तसा दाखला दिला जातो आणि त्या वाहनाची नोंदणी संपते. जी मोटारच कागदोपत्री उरली नाही, तिच्या रेडिओने, तिच्या नियंत्रक-पेट्यांनी त्या मृत चासी नंबराशी इमान राखण्याचे कारण उरत नाही. दाखला निघताच त्या वाहनाच्या सर्व कुलूपबंद भागांचे संकेत निर्मात्याने भंगार केंद्राला विनामूल्य द्यावेत, आणि केंद्राने ते भाग उघडून, तशी नोंद पावतीवर करून विकावेत, अशी तरतूद नियमांत करता येईल. चोरीच्या मालाला असा दाखला मिळू शकत नाही, तेव्हा चोराची सबबही शिल्लक राहत नाही. गॅरेज-कामगारांच्या आणि टॅक्सी-रिक्षाचालकांच्या संघटनांनी ही मागणी वाहतूक मंत्रालयाकडे लेखी नेली पाहिजे. ट्रॅक्टर वापरणाऱ्या शेतकऱ्यांच्या संघटनांना तर तिची गरज त्याहून निकडीची आहे.