घरची शाळा आणि विकतचं जीवशास्त्र

मुंब्रा, भिवंडी, कोंढवा, मालेगाव. आपल्या वस्त्यांमध्ये चौथी-पाचवीतलं मूल शाळेतून काढून घरी शिकवणारी घरं आता नवलाची राहिलेली नाहीत. कुणाचा मुलगा हिफ्ज करतोय, कुणाच्या मुलीला वर्गात नावावरून ऐकवलं गेलं, कुणाला फी झेपत नाही, तर कुणाला शाळेत काही शिकवतच नाहीत असं वाटतं. यातलं एकही कारण मला हसण्यावारी नेण्यासारखं वाटत नाही. घरी शिकणारं मूल म्हणजे वाया गेलेलं मूल, असं धरून चालणाऱ्या सुशिक्षित मंडळींशी माझं भांडण आहेच, पण ते पुन्हा कधीतरी. आज भांडायचंय ते घरी शिकवणाऱ्या आपल्याच आई-बापांशी, आणि तेही एकाच विषयावरून. जीवशास्त्र.

उर्दू-मराठी शिकवणाऱ्या बाईनं विज्ञानात नाक का खुपसावं, असं कुणी विचारेल. कारण ही घरं विज्ञानाचा अभ्यासक्रम घेऊन माझ्याकडे येतात ते भाषांतरासाठी. "आपा, हे जरा सोप्या उर्दूत करून द्या." आणि त्या कागदांत जे असतं ते पाहून माझं डोकं फिरतं.

हे कागद बहुतेक अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडातल्या मुस्लिम घरांसाठी बनवलेले असतात. तिथल्या मुलांसाठी ते चांगलेच असतील. पहिला धडा ओक झाडाच्या बीचा. दुसऱ्यात पानगळीचे लाल-पिवळे रंग आणि नंतर बर्फ. तिसऱ्यात हिवाळ्यात बिळात झोपणारे प्राणी. भिवंडीच्या चाळीत राहणारं पोर हे रंगवत बसतं, आणि खिडकीबाहेरच्या वडावर पाठीवर पट्टे असलेली खार बारा महिने धावत असते, तिच्याकडे त्याचं लक्ष कुणी वेधत नाही. प्रत्येक पानाच्या तळाशी एक आयत छापलेली असते. आई-वडिलांना तेवढ्यानं समाधान वाटतं की मूल दीनाच्या चौकटीत शिकतंय.

मला आयतीचं वावडं नाही. पण सूरह अल-गाशियाहमध्ये उंट कसा घडवला गेला ते बघायला सांगितलंय. उंटाच्या चित्रात रंग भरायला सांगितलेलं नाही. पैसे मोजून विकत घेतलेल्या या अभ्यासक्रमात बघणंच नसतं. आणि घरी शिकवण्याचा सगळ्यात मोठा फायदा तर नेमका तोच आहे. साठ मुलांच्या वर्गात एका बाईला जे दाखवता येत नाही, ते स्वयंपाकघरात, गच्चीवर, अंगणात दाखवता येतं. गणित घरी शिकवणं अवघड आहे, इंग्रजी अवघड आहे. नऊ ते बारा वर्षांच्या मुलाला जीवशास्त्र शिकवायला मात्र घरासारखी जागा नाही, आणि आपण तिथे दुसऱ्याचं बर्फ विकत आणतो.

एक उदाहरण सविस्तर देते, कारण ते दरवर्षी आपल्या दारात येतं आणि मांस वाटून झालं की संपतं. बकरी ईद.

घरात बकरा आला की पोरं त्याचं तोंड उघडून "दो दांत" बघतात. का बघतात हे त्यांना कुणी सांगत नाही. बकऱ्याचे खालचे पुढचे दोन दुधाचे दात पडून तिथे दोन रुंद दात येतात ते साधारण वर्ष-सव्वा वर्षाच्या वयात. कुर्बानीला वर्ष पूर्ण झालेला बकरा लागतो, म्हणून दात बघायचे. म्हणजे वय मोजण्याचं शास्त्र मुलाच्या बोटाखाली आहे. त्याला आता वरचा जबडा चाचपायला सांगा. पुढे वर दातच नाहीत, कडक हिरडी आहे. मग हा पाला तोडतो कसा? चारा टाका आणि दहा मिनिटं गप्प बसून बघा. रवंथ कधी करतो, किती वेळ करतो, ते वहीत लिहा. बकरा चार दिवस घरात असेल तर हे चार दिवसांचे धडे झाले.

कुर्बानीच्या दिवशी कसाईभाईंना आधी सांगून ठेवा की श्वासनलिका, फेफडे आणि दिल एकत्र, न कापता काढून द्या. परातीत ठेवा. श्वासनलिकेवरच्या कडक कड्या बोटानं मोजा. त्या मागच्या बाजूला अर्धवट का आहेत, विचारा. नळीत सायकलचा पंप लावून हवा भरा, फेफडा फुगताना बघून घरातले मोठेही जवळ सरकतील. फेफड्याचा तुकडा पाण्यात टाका, तरंगतो. कलेजीचा टाका, बुडतो. ओझडी उलटी करून धुताना तिचे चार भाग वेगळे दाखवा: एक टॉवेलसारखा, एक मधाच्या पोळ्यासारखा, एक पुस्तकाच्या पानांसारखा, आणि चौथा आपल्या जठरासारखा. कलेजीजवळची हिरवट पिशवी कसाईभाई इतक्या जपून का काढतात? ती फुटली तर मांस कडू होतं. ते पित्ताशय. ज्या मुलाला रक्त बघवत नाही त्याच्यावर जबरदस्ती करू नका, त्याला दात आणि रवंथ पुरे. आणि सगळं झाल्यावर हात साबणानं धुवा, हाही धडाच आहे.

मग दिल उभं कापा. चार कप्पे दिसतात. डावीकडची भिंत उजवीपेक्षा चांगली जाड असते. उजवी बाजू रक्त शेजारच्या फेफड्यांपर्यंत ढकलते, डावीला ते खुरापर्यंत ढकलायचं असतं. हे एकदा हातानं दाबून पाहिलेलं मूल रक्ताभिसरणाची आकृती पाठ करणार नाही, काढेल.

इथेच इब्न अल-नफीस येतात. तेराव्या शतकात काहिराला वैद्यक करायचे आणि शाफई फिकह शिकवायचे, म्हणजे आपल्या कोकणी मुसलमानांच्याच मजहबचे. त्यांच्या आधी हजार वर्षं जालीनूसचं, म्हणजे ग्रीक वैद्य गॅलनचं मत चाललं होतं की दिलाच्या मधल्या पडद्याला अदृश्य छिद्रं असतात आणि रक्त त्यातून उजवीकडून डावीकडे जातं. इब्न सीनांच्या ग्रंथावर भाष्य लिहिताना इब्न अल-नफीसनी सांगितलं की त्या पडद्याला छिद्र नाही, रक्त फेफड्यांतून फिरून डावीकडे येतं. मुलाच्या हातात टाचणी द्या आणि बकऱ्याच्या दिलात छिद्र शोधायला सांगा. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर या माणसाचं नाव "हा शोध मुसलमानांनी लावला" एवढ्यापुरतंच फिरतं. मला त्यात रस नाही. ज्या ग्रंथावर आपण भाष्य करतोय त्याच्याशी असहमत होण्याची हिंमत एका फकीहमध्ये होती, ते मुलाला सांगा. विकतच्या पानांत ते कुठेही नसतं, कारण त्यांत प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आधीच छापलेलं असतं.

बाकी वर्ष जुळवायला फार अक्कल लागत नाही. आपलं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, पावसाबरोबर. मटकी ओल्या फडक्यात बांधा, थोडी उजेडात, थोडी अंधारात. जुलैत बरणीत पावसाचं पाणी ठेवा, तोंडाला मलमल बांधा, अळ्यांपासून डास होईपर्यंत रोज बघा, मग त्यावर तेलाचे चार थेंब टाकून अळ्यांना श्वास का घेता येत नाही ते समजवा. डेंग्यूच्या गल्लीत यापेक्षा उपयोगी धडा नाही. नानच्या पिठाचं खमीर आणि दह्याचं विरजण हिवाळ्यात जास्त वेळ का घेतात, ते डिसेंबरात. ५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो. त्याचा पहिला दिवस मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, शेवटचा सलीम अलींचा. मुंबईच्या मुस्लिम घरातल्या लहानग्या सलीमनं एक चिमणी मारली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला आणि ही कुठली म्हणून तो अडला. मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे पाठवलं. उत्तर माहीत नसलेल्या मामानं पोराला गप्प केलं नाही, विचारायला धाडलं. घरी शिकवणाऱ्यांना एवढं जमलं तरी पुष्कळ.

आता ज्या दोन गोष्टी गाळा म्हणून मला सांगितलं जातं, त्यांच्याकडे येते.

पहिली, शरीर. "आपा, तो मोठं होण्याचा धडा राहू द्या, अजून लहान आहेत." कुठे लहान आहेत? मुलींची पाळी नवव्या-दहाव्या वर्षीही येऊ शकते. फिकहच्या किताबांत हैज, गुस्ल, बालिग होणं हे सगळं स्पष्ट शब्दांत आहे आणि हीच मुलं मकतबमध्ये तहारतचे मसले पाठ करतात. दीनाच्या तासाला जी गोष्ट शिकणं फर्ज, ती विज्ञानाच्या तासाला बेशरमी कशी होते? हजरत आयेशा (रजि.) यांनी अन्सारी स्त्रियांची तारीफ केली ती याचसाठी की दीन समजून घेताना लाज त्यांच्या आड आली नाही. शाळेतल्या मुलीला निदान एखादी बाई, एखादी मैत्रीण असते. घरी शिकणाऱ्या मुलीला फक्त तुम्ही आहात. तुम्ही धडा गाळलात तर तिला तो कुणीच शिकवणार नाही, आणि पहिल्या दिवशी ती न्हाणीघरात एकटी घाबरून रडेल. मुलांचंही तसंच. त्यांना मोबाईल शिकवेल, आणि काय शिकवेल ते तुम्हाला माहीत आहे. बापानं मुलाशी बोलावं, आईनं मुलीशी. चित्र काढून, खऱ्या शब्दांनी. उर्दूत शब्द आहेत, मराठीत आहेत, शब्दांची अडचण मुळीच नाही.

दुसरी, उत्क्रांती. २०२३ मध्ये एनसीईआरटीचं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक उत्क्रांती वगळून छापलं गेलं, तेव्हा देशभरातल्या शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र काढून निषेध केला. आपल्यातल्या काहींना मात्र मनातून बरं वाटलं. ज्यांच्या हातांनी आपला इतिहास पुस्तकांतून कापला जातोय त्याच हातांनी हेही कापलं, आणि आपण खूश! आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग दोनमधला पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती हा आहे. मुक्त विद्यालयाच्या 'बी' स्तरावरून पाचवीची आणि 'सी'वरून आठवीची पायरी चढून तुमचं मूल कधीतरी दहावीला बसणारच. तेव्हा तो शब्द त्यानं पहिल्यांदा ऐकावा, आणि तोही शिवीसारखा?

अकरा वर्षांच्या मुलाला माणूस आणि माकड यावर वाद घालायला लावा असं मी म्हणत नाही. त्याला कबुतरं दाखवा. आपल्या गच्च्यांवर लक्के आहेत, लोटन आहेत, गिरहबाज आहेत. कुठली जोडी लावली की कसलं पिल्लू येतं, शेपटीची पिसं पिढीगणिक कशी वाढवत नेतात, हे कबुतरबाज चाचा कुठल्याही पुस्तकापेक्षा चांगलं सांगतील. डार्विन स्वतः कबुतरं पाळत होता. १८५९ च्या त्याच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात कबुतरांच्या जातींवर पानंच्या पानं आहेत, आणि तिथे अकबर बादशहाचाही उल्लेख आहे, की त्याच्या दरबाराबरोबर वीस हजारांहून कमी कबुतरं कधी नसत. माणूस निवड करून एवढा फरक घडवतो, तर ऊन, दुष्काळ, ससाणा यांच्या निवडीनं काय होत असेल, एवढा प्रश्न या वयात पुरे. माणसाच्या निर्मितीबद्दल मूल विचारेलच. तेव्हा आपला अकीदा काय आहे ते सांगा, विज्ञान काय म्हणतं आणि कशाच्या आधारावर म्हणतं तेही सांगा. दोन्ही ऐकल्यानं ईमान जाईल अशी भीती वाटत असेल, तर दुबळेपण मुलात नाही, तुम्ही त्याला दिलेल्या दीनी तालीममध्ये आहे.

शब्दांबद्दल माझ्या धंद्याचं एक सांगते. घरात मूल 'गुर्दा' म्हणतं, मराठी पुस्तकात 'वृक्क' येतं, डॉक्टर 'किडनी' म्हणतो. या तीन गोष्टी एकच आहेत हे माहीत नसलेली आठवीतली मुलं मी पाहिली आहेत. म्हणून वहीत प्रत्येक नव्या गोष्टीसाठी तीन रकाने आखा आणि तिन्ही शब्द लिहा. घरात एखादा कोकणी किंवा दखनी शब्द असेल तर चौथा रकाना. आजीला विचारून भरा.

आठवड्याला दोन दिवस, चाळीस-चाळीस मिनिटं, एवढ्यात हे सगळं बसतं. हिफ्जच्या मुलाचंही बसतं, असरनंतरचा वेळ मोकळा असतो. लागतं काय? दोनशे पानी कोरी वही, आखीव नको, चित्रं काढायची आहेत. एक भिंग, ते स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. बालभारतीचं परिसर अभ्यास आणि सामान्य विज्ञान, ती उर्दूतही निघतात. आणि भाषांतरासाठी ते ओकचे कागद माझ्याकडे आणू नका. कबुतरबाज चाचांनी काय सांगितलं ते मुलानं मोडक्यातोडक्या उर्दूत लिहिलेलं असेल, तर ते आणा. त्याच्या चुका मी बसून तपासून देईन.