‘टर्मिनेटर’मधून हद्दपार झालेला इंजिनिअर

‘टर्मिनेटर’ मालिका तिसऱ्या भागापासून घसरली, असं चाहते म्हणतात आणि कॅमेरूनच्या नसण्याला बोल लावतात. माझा आक्षेप वेगळा आहे. या मालिकेनं इंजिनिअरलाच पडद्यावरून हाकललं.

१९९१च्या ‘जजमेंट डे’मध्ये माइल्स डायसन होता. ज्या प्रोसेसरमधून पुढे स्कायनेट जन्मणार, तो घडवणारा. घरी बायको, मुलगा. आपल्या कामातून काय निपजणार हे कळल्यावर तो स्वतःच ते नष्ट करायला निघतो आणि त्यात मरतो. तिथे यंत्राला कर्ता होता आणि त्याला जाब विचारता येत होता.

२००३च्या तिसऱ्या भागानं सांगितलं, प्रलय टळला नव्हता, फक्त लांबला होता. तो अटळच. २०१९च्या ‘डार्क फेट’मध्ये स्कायनेट गेलं, त्याच्या जागी लीजन आलं. ते कुणी लिहिलं, हे विचारायची चित्रपटाला गरजच वाटत नाही.

हा ‘अटळ’ आमच्या जामनेरातही रोज ऐकू येतो. इथे त्याला ‘सिस्टीम घेत नाही’ म्हणतात. कापूस वेचून घासलेला अंगठा रेशन दुकानातलं मशीन ओळखत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या केळीचा हवामान आधारित विमा घ्या. बाग करपली की नाही, हे बागेत येऊन कुणी पाहत नाही. महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदी पाहतात. पारा ठरलेल्या अंशावर सलग ठरलेले दिवस राहिला, तर भरपाई. मधल्या एका दिवशी किंचित खाली उतरला, तर साखळी तुटली. केंद्र तुमच्या बांधापासून कितीही लांब असो.

यात लाल डोळ्यांचा सांगाडा कुठेच नाही. एक ‘जर-तर’ आहे. मी याच धंद्यात आहे, म्हणून सांगतो: ती अट आपोआप उगवत नाही. कुणीतरी ती मागतं, कुणीतरी मंजूर करतं, माझ्यासारखा कुणीतरी टाइप करतो. ‘यंत्रं एक दिवस आपल्यावर राज्य करतील’ या भीतीत ही तिन्ही माणसं आरामात लपतात.

म्हणून मागणी साधी आहे. यंत्रानं नकार दिला, तर त्या कागदावर तीन ओळी छापा: कोणती अट अडली, ती कुणी ठरवली आणि ती बदलायचा अधिकार कुणाला आहे. टाइप करायला मी तयार आहे. मंजुरी तेवढी द्या.