फॉरमॅट मारण्याआधी...

परवा एका मित्राचा फोन आला. "अरे, पीसी सारखा हँग होतोय. फॉरमॅट मारू का?" पूर्वी असता तर मी डोळे झाकून 'मार' म्हणालो असतो. या वेळी म्हटलं, "थांब जरा." का, ते सांगायचं तर २०२५ च्या दिवाळीपासून सुरुवात करायला हवी.

त्या वर्षी १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. सांगलीला आमच्या घरचा डेस्कटॉप २०१६ चा, सहाव्या पिढीचा आय-३. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे आमची गाडी फलाटावरच राहिली! नवीन घेऊ म्हटलं तर बाबा म्हणाले, "फिरतोय तो पंखा कशाला बदलायचा?" मुद्दा बरोबर होता. मग ठरवलं, लिनक्स मिंट टाकू. पुण्यातच पेन ड्राइव्ह तयार केला, डाउनलोड केलेल्या फाइलचा चेकसम जुळवून पाहिला आणि दिवाळीत घरी पोचल्यावर जाहीर केलं, "अर्ध्या तासाचं काम आहे."

(सहा वर्षं आयटीत काढूनही माणूस हे वाक्य बोलतो, याला काय म्हणावं?)

आपल्याकडच्या रीतीप्रमाणे सी ड्राइव्हवर विंडोज आणि डी ड्राइव्हवर सगळा संसार. त्या संसारात बाबांनी २०१४ पासून ठेवलेले आमच्या सोसायटीचे हिशेब, ताईच्या लग्नाचे फोटो आणि आजीच्या आवाजातली काही रेकॉर्डिंग्ज. आजी २०१९ मध्ये गेली. मी शहाण्यासारखा आधी सगळा डी ड्राइव्ह एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी केला. 'कॉपी पूर्ण झाली' असं वाचलं आणि निश्चिंत झालो. हे वाक्य लक्षात ठेवा.

मग सी ड्राइव्हच्या जागी लिनक्सचं इन्स्टॉलेशन सुरू केलं. साधारण निम्म्यावर आल्यावर एरर: इनपुट/आउटपुट एरर. खाली सल्ला, की सीडी-डीव्हीडी किंवा हार्ड डिस्क खराब असू शकते. पेन ड्राइव्ह बदलला. या वेळी इन्स्टॉलर बऱ्यापैकी पुढे गेला आणि खिडकी आपोआप गायब! तिसऱ्यांदा सुरुवातीलाच स्क्रीन गोठली. रात्रीचे साडेअकरा. आई दोनदा 'जेवून घे' म्हणून गेलेली. मी म्हटलं, झालं, ही हार्ड डिस्कच गंडलीये. सगळी पार्टिशन्स उडवू, अख्खी डिस्क फॉरमॅट मारू आणि कोऱ्या पाटीवर सुरू करू. बॅकअप तर आहेच.

बाबा मागे खुर्चीत बसून होते. वीज मंडळात लाइनमन म्हणून तीस वर्षं काढलेला माणूस. त्यांनी शांतपणे विचारलं, "तिन्ही वेळा एकाच जागी अडकलं का रे?"

"नाही, प्रत्येक वेळी वेगळीकडे."

"मग लगेच डिस्कवर का घेतोस? फॉल्ट एका जागी असला तर तिथेच सापडतो. फिरत असेल तर आधी लाइनचे तुकडे पाडून बघायचे. अर्धी लाइन बंद कर, फॉल्ट राहतो का बघ."

मी गप्प. कारण ऑफिसात मी अगदी हेच करतो. कोड बिघडला की अर्धे बदल बाजूला काढून बघायचे, मग त्यातले अर्धे. त्याला आम्ही 'बायसेक्ट' असं भारदस्त नाव दिलंय, एवढाच फरक. सॉफ्टवेअरचा दोष बहुतेक वेळा एकाच पायरीवर पाय घसरवतो. जागा बदलत राहिली तर संशयितांमध्ये मेमरीचं नाव वर घ्यावं, हे मला पाठ होतं. पण घरच्या मशीनसमोर बसलं की आपल्यातला इंजिनिअर चपला काढून बाहेर बसतो आणि आत येतो तो नाक्यावरचा रिपेअरवाला!

पेन ड्राइव्हच्या मेन्यूतच 'मेमरी टेस्ट' असा पर्याय होता. तीनदा डोळ्यांसमोरून गेला होता. तो चालवला आणि वीसेक मिनिटांत स्क्रीनवर लाल ओळी. मशीनमध्ये चार-चार जीबीच्या दोन रॅम. एकेक काढून तपासली, स्लॉट बदलून तपासली. एक रॅम दोन्ही स्लॉटमध्ये पास, दुसरी दोन्हीकडे नापास. म्हणजे स्लॉट ठीक, रॅम खराब. खोडरबरने तिचे सोनेरी पाय घासून पाहिले (हा देशी इलाज कधीकधी खरंच चालतो, संपर्क सुधारतो), पण इथे चिपच गेलेली. ती काढून ठेवली आणि चार जीबीवर लिनक्स मिंट पहिल्या झटक्यात बसलं.

आता खरा धक्का. खराब रॅम त्या मशीनमध्ये आधीपासूनच होती. म्हणजे माझा तो बॅकअपही तिच्यातूनच गेला होता! कॉपी करताना फाइल डिस्कवरून मेमरीत येते आणि मेमरीतून दुसऱ्या डिस्कवर जाते. वाटेत एखादं बिट उलटलं तर साध्या घरगुती संगणकात कोणी हाक मारत नाही. चांगल्या रॅमवर दोन्हीकडच्या फाइलींचे चेकसम काढून जुळवले. हजारो फाइलींपैकी तीन जुळल्या नाहीत. एका वर्षाच्या हिशेबाची एक्सेल उघडेचना. लग्नाचा एक फोटो मध्यापासून खाली करडा. आणि आजीच्या एका रेकॉर्डिंगमध्ये मध्येच खरखर. डी ड्राइव्हवरच्या मूळ फाइली मात्र तिन्ही धडधाकट होत्या. त्याच ड्राइव्हवर, जो मी पंधरा मिनिटांनी पुसणार होतो.

तर माझं म्हणणं असं. 'फॉरमॅट मारा' हा आपला राष्ट्रीय इलाज झालाय आणि तो मोडायला हवा. याच संगणकाला अधूनमधून निळा स्क्रीन यायचा, म्हणून दुकानातून त्याला दोनदा फॉरमॅट मारून आणला होता. दोन्ही वेळा पैसे गेले, आणि रॅम कोणीच तपासली नाही. फॉरमॅटने आजार बरा होतोच असं नाही, पुरावा मात्र हमखास नष्ट होतो.

तुम्ही म्हणाल, ऑफिसात आपण बिघडलेला सर्व्हर फेकून नवा उभा करतोच की! करतो. पण तिथे डेटा दुसरीकडे असतो आणि सर्व्हरमध्ये चुका ओळखून दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी असते. घरी माणसांच्या आठवणी आणि मशीन एकाच डब्यात नांदतात. ऑफिसचा आत्मविश्वास घेऊन घरच्या डिस्कला हात लावायचा नाही.

या ईसीसीच्या मुळाशीही एक वीकेंडचा वैतागच आहे. बेल लॅब्जमधले रिचर्ड हॅमिंग वीकेंडला रिले संगणकावर काम लावून जायचे. चूक सापडली की मशीन ते काम सोडून पुढचं घ्यायचं, सोमवारी बघावं तर काहीच झालेलं नाही. मशीनला चूक कळते, तर ती नेमकी कुठे आहे हे शोधून तिनेच का सुधारू नये, असा प्रश्न त्यांना पडला. त्यातून १९५० साली त्यांचा चूक-सुधारक कोडवरचा निबंध आला. वैताग त्यांनाही आला होता आणि मलाही. त्यांनी चूक कुठे आहे ते विचारलं, मी फॉरमॅट मारायला निघालो होतो. असो!

मित्राला मी एवढंच सांगितलं: रात्री झोपताना मेमरी टेस्ट लाव. डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट बघ. एका वेळी एकच गोष्ट बदल आणि काय बदललं ते कागदावर लिही. आणि बॅकअप घेतलास की दुसऱ्या मशीनवर त्यातल्या फाइली उघडून बघ. उघडून न पाहिलेला बॅकअप म्हणजे नुसती आशा.

घरचा डेस्कटॉप आता बरा चाललाय. बाबांना हिशेब लिब्रेऑफिसमध्ये ठेवायची सवय झाली. खराब रॅम मी टाकून देणार होतो, पण त्यांनी ती टेस्टर आणि पकडीच्या शेजारी, त्यांच्या हत्यारांच्या डब्यात ठेवलीये. मी पुढच्या वेळी 'अर्ध्या तासाचं काम आहे' म्हणालो की दाखवायला!