थंडी, धूर आणि न मांडलेला हिशेब

पौष महिन्यात भोकर तालुक्यातील रात्री गारठतात आणि कुणाला धाप लागली की घरचे म्हणतात, ‘थंडी बाधली.’ या निदानात तथ्य आहे. थंड, कोरड्या हवेने दमेकऱ्याच्या श्वासनलिका आकुंचन पावतात. परंतु दोष एकट्या थंडीचा मानला तर गरिबीची आपोआप निर्दोष मुक्तता होते.

उन्हाळ्यात चूल अंगणात मांडता येते. थंडीत ती घरात येते, दार लोटले जाते आणि तुराट्या, पऱ्हाट्या व गोवऱ्यांचा धूर आतच कोंडतो. लडाखसारख्या अतिशीत प्रदेशातील एका खेड्याचा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. तेथे हिवाळ्यात लोकांच्या उच्छ्वासात कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण उन्हाळ्यापेक्षा अधिक आढळले. जुनाट खोकलाही पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक होता. भोकर म्हणजे लडाख नव्हे. पण बंद घरातील धूर दोन्हीकडे सारखाच घातक. विडी-सिगारेटला कधी न शिवलेल्यांनाही फुप्फुसांचा जुनाट विकार जडतो व चुलीचा धूर त्याचे मोठे कारण आहे, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडले.

मग गॅस का वापरला जात नाही? १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गरीब घरांत जोडणी पोहोचवली, हे मान्य केले पाहिजे. ऑक्टोबर २०२३ मध्ये अनुदान सिलिंडरमागे ३०० रुपयांवर गेले. तथापि पूर्ण किंमत आधी मोजायची आणि अनुदान मागाहून बँकेत, ही रीत पगारदाराला परवडते. रोजंदारीवरच्या कुटुंबाला नाही. पऱ्हाट्यांना रोख पैसा लागत नाही. त्या वेचणाऱ्या बाईचे श्रम आणि तिची फुप्फुसे कोणत्याच जमाखर्चात लिहिली जात नाहीत, म्हणूनच हे जळण ‘फुकट’ ठरते.

तेव्हा मागणी स्पष्ट हवी. अनुदान वजा करूनच सिलिंडर मिळावा, हप्त्याने पैसे भरण्याची सोय असावी आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रियांची श्वासक्षमता नियमित तपासली जावी. थंडी निसर्गाने दिली आहे. धूर मात्र व्यवस्थेने दिला आहे, आणि व्यवस्था बदलता येते.