दारे कोणासाठी बंद करता?

२०२०च्या आरंभी मुंबई पोलिसांनी एक गमतीदार प्रयोग जाहीर केला. काही चौकांतील सिग्नलांना ध्वनिमापक जोडण्यात आले. थांबलेल्या वाहनांच्या भोंग्यांचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. शहर खूष झाले. त्याच वर्षी दादर-माहीम भागातील सिग्नलांवर पुरुषाऐवजी स्त्रीची आकृती झळकली. तिचेही कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. मात्र ती हिरवी आकृती विझण्यापूर्वी एखादी वृद्धा रस्ता ओलांडू शकते काय, हा प्रश्न त्या कौतुकात मागेच राहिला.

आपल्या महानगराच्या तऱ्हेवाईकपणाच्या कथा अशाच चवीने सांगितल्या जातात. पेट्रोल पंपावर लिटरचे नावही न घेता 'शंभरचे टाका' म्हणणारा आणि यंत्रावरील शून्य डोळ्यांत तेल घालून पाहणारा स्कूटरवाला; लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धे अंग टेकवणारा कारकून; बसायला जागा मिळावी म्हणून मुंबईकडे जाण्याऐवजी आधी उलट कल्याणला जाणारा डोंबिवलीकर. यालाच 'मुंबईचे स्पिरिट' म्हणावयाचे! वस्तुतः ज्याच्या खिशात शंभराचीच नोट आहे तो शंभराचेच पेट्रोल घेणार. आणि जो माणूस रोज सकाळी उलट दिशेने प्रवास करतो, त्याच्या अर्ध्या तासाला कोणाच्याही हिशेबात किंमत नाही, एवढाच त्या विनोदाचा अर्थ.

हा स्कूटरवाला लिटरमागे मोटारवाल्याइतकाच कर भरतो. परंतु मार्च २०२४पासून टप्प्याटप्प्याने खुल्या झालेल्या सागरी किनारा मार्गावर त्याच्या दुचाकीला मज्जाव आहे. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी, विधानसभा निवडणुकीच्या घोषणेच्या आदल्या दिवशी, राज्य मंत्रिमंडळाने मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या मोटारींचा पथकर माफ केला. तिजोरीचे ओझे त्या दिवशी कोणाला आठवले नाही. पुढे ९ मे २०२५ रोजी बेस्टचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले, तेव्हा मात्र तोट्याचा पाढा वाचण्यात आला.

त्यानंतर बरोबर एका महिन्याने, ९ जून रोजी, मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल परस्परांना ओलांडत असताना दारात लटकलेले प्रवासी रुळांवर फेकले गेले. चौघे त्याच दिवशी मृत्युमुखी पडले. रेल्वे प्रशासनाने तत्परतेने उपाय सांगितला: यापुढे लोकलची दारे आपोआप बंद होतील.

दारांना आमचा विरोध नाही. सुरक्षिततेला विरोध कोण करील? पण गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसे उभी असतात, आणि या अवस्थेला रेल्वेच्या परिभाषेत 'सुपर डेन्स क्रश लोड' असे रीतसर नाव आहे. ज्या कोंबाकोंबीला नाव मिळाले, ती अपघात राहत नाही. ती व्यवस्था होते. दारातला माणूस हौसेने लटकत नाही, आत जागा नसते म्हणून लटकतो. फेऱ्या न वाढवता दार लावले, तर तो फलाटावर राहील, आणि लेटमार्क त्याच्याच नावावर पडेल.

येथे आपल्याही पदरात थोडे माप घालावे लागेल. अपघात झाला की आपण निवेदन देतो, एक दिवस घोषणा देतो. पथकर माफ झाला तेव्हा मात्र आपल्यातले कितीजण बोलले? मोटार आता आपल्याही सहानुभूतिदारांच्या दारी उभी आहे, हे त्या मौनाचे कारण नाही काय?

प्रवासी संघटनांच्या सभांतून कार्यकर्त्यांनी रेल्वेला हिशेब मागावा: बंद दारांची गाडी धावण्याआधी ठाण्यापलीकडच्या स्थानकांसाठी सकाळी सात ते दहा या वेळात किती जादा फेऱ्या सुटणार? आणि कचेऱ्यांच्या वेळा पुढेमागे करण्याचा प्रश्न राज्य सरकार केवळ आवाहनांवरच सोडून देणार आहे काय? या प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाली पाहिजेत, तीही तारखेसह.