भावफलकावर नसलेला रकाना

रावेर-यावल पट्ट्यात सेंद्रिय प्रमाणपत्राचा विषय निघाला की पहिला आक्षेप ठरलेला. जळगावच्या केळीला 2016 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, 2021 मध्ये तांदलवाडीची केळी त्याच नावावर दुबईला गेली. मग आणखी एक कागद कशाला? हा आक्षेप टिकत नाही. जीआय माल कुठला ते सांगतं; बागेत काय फवारलं याची हमी देत नाही. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या रसायनाच्या अंशापायी महाराष्ट्राची द्राक्षं युरोपात अडकली, तेव्हा नाशिकच्या नावलौकिकाचा उपयोग झाला नाही.

दुसरे म्हणतात, आम्ही शेणखतच घालतो, शब्द पुरे. गावात पुरतो. पण खोटं बोलणाराही हेच म्हणतो, आणि दूरच्या गिऱ्हाइकाला दोघांतला फरक कळायचा कसा? प्लॉटची नोंदवही, निविष्ठांची बिलं, शेजारच्या फवारणीपासून सोडलेला पट्टा हे सगळे प्रामाणिक शेतकऱ्याच्या बाजूचे पुरावे आहेत. व्यवस्थेत खोट आहे, हे खरं. 2021 मध्ये अमेरिकेने भारतीय सेंद्रिय प्रमाणनाची मान्यता काढून घेण्याचा निर्णय घेतला. त्यावर उपाय बांधावरची कडक तपासणी, प्रमाणपत्र सोडून देणं नव्हे. देशातल्या बाजारापुरती पीजीएस पद्धत आहेच. तिच्यात गटातले शेतकरी एकमेकांची शेतं तपासतात.

उलट टोकाला बायोडायनॅमिकचे भक्त आहेत. रुडॉल्फ स्टायनरने 1924 मध्ये मांडलेली ही पद्धत: गाईच्या शिंगात शेण भरून हिवाळाभर पुरायचं, मग ते पाण्यात तासभर ढवळून शिंपडायचं, कामं चंद्र-ताऱ्यांच्या गतीवर बेतायची. निकोला जोलीसारख्या फ्रेंच वाइनकारांनी तिला प्रतिष्ठा दिली. गाय आणि पंचांग दिसल्यावर आपल्याकडेही ती चटकन पटते. पण ग्रहताऱ्यांचा पिकावरचा परिणाम सिद्ध झालेला नाही. त्या द्राक्षमळ्यांची माती सुधारली असेल, तर मला त्याचं श्रेय कंपोस्टला आणि मालकाच्या रोजच्या फेरीला द्यावंसं वाटतं. तेवढं जरूर घ्यावं. आपल्याकडे केळीचा घड कापला की आपण खोड ओढून बांधावर टाकतो. म्हणजे केळीने जमिनीतून उचललेलं पोटॅश आपल्याच हाताने शेताबाहेर काढतो. तेच खोड चिरून सरीत कुजवलं, तर त्यासाठी शिंगाची गरज नाही.

खरी अडचण वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. रासायनिक सोडल्यापासून प्रमाणपत्र हाती येईपर्यंत दोन-तीन वर्षं जातात. या रूपांतरकाळात उतारा घटू शकतो, भाव मात्र सगळ्यांचाच. आपल्या भावफलकावर नवती, पिलबाग, वापसी असे रकाने आहेत. माल कसा पिकवला याला रकाना नाही. मग ज्याने खर्च सोसला त्याला मिळालं काय?

म्हणून बाजार समित्यांनी आणि निर्यातदारांनी रूपांतरकाळातल्या मालासाठी वेगळा भाव जाहीर करावा, आणि तोही मृगबाग लावायच्या आधी, लेखी.