मुरुम मुलांचे, पथ्य घराचे

आंब्याचा मोसम सुरू झाला की पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना घरोघरी एक सूचना हमखास ऐकू येते : आंबे बेताने खा, तोंडावर पुळ्या येतील. आंबे संपले की हीच सूचना शेंगदाण्यांवर येते, दिवाळीत फराळावर. चेहरा आधीच मुरुमांनी भरलेला असेल तर ती चार पाहुण्यांसमोर, भर पंगतीत ऐकावी लागते. आहारावर दर आठवड्याला लिहिणारी म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. खाण्यापिण्याचा आणि मुरुमांचा संबंध आहे, पण तो मर्यादित आहे. शिवाय जो बदल करायचा, तो एकट्या मुलाच्या ताटात करून भागणार नाही. घराची सगळी घडी बदलावी लागेल.

मुरुमांचे मूळ वयात येण्यात आहे. या वयात अँड्रोजन संप्रेरके वाढतात, मुलांमध्ये आणि मुलींमध्येही. त्यांच्यामुळे त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल तयार करू लागतात. केसाच्या मुळाशी असलेले छिद्र मृत पेशींनी बुजते, तेल आत साठते, त्वचेवर एरवीही राहणारे जिवाणू तिथे वाढतात आणि सूज येते. आईवडिलांना तरुणपणी खूप मुरुम असतील तर मुलांनाही ते येण्याची शक्यता अधिक. म्हणून ‘उष्णता वाढली’, ‘पोट साफ नाही’, ‘तोंड नीट धुत नाहीस’ ही बोलणी मुलाने विनाकारण खाल्लेली असतात.

आहाराबद्दल विज्ञानाचे मतही बदलत आले आहे. १९६९ साली अमेरिकेत ६५ जणांवर चॉकलेटचा प्रयोग झाला. चॉकलेटने मुरुम वाढत नाहीत असा निष्कर्ष निघाला आणि पुढे कित्येक वर्षे ‘खाण्याचा संबंध नाही’ असेच शिकवले गेले. पण तुलनेसाठी दिलेल्या दुसऱ्या वडीतही साखर आणि स्निग्धांश जवळपास तितकेच होते. २००२ मध्ये पापुआ न्यू गिनीतल्या कितावा बेटाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कंदमुळे, फळे, मासे आणि नारळ यांवर जगणाऱ्या तिथल्या १,२०० लोकांना तपासले, तेव्हा एकालाही मुरुम आढळले नाहीत. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात १५ ते २५ वर्षांच्या ४३ मुलांवर प्रयोग झाला. रक्तातली साखर सावकाश वाढवणारा आहार बारा आठवडे घेणाऱ्यांचे मुरुम, नेहमीचे खाणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झाले. साखर झपाट्याने वाढली की इन्सुलिन वाढते, त्यामागोमाग वाढीला चालना देणारे आयजीएफ-१ वाढते आणि तैलग्रंथींना जोर चढतो, असे त्याचे स्पष्टीकरण आहे.

तरीही सावध राहायला हवे. ऑस्ट्रेलियातल्या त्या मुलांचे वजनही उतरले होते, त्यामुळे सारे श्रेय आहाराला देता येत नाही. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहाराबाबत शिफारस करण्याइतका पुरावा नसल्याचे म्हटले आहे. म्हणून आहार ही उपचाराची सोबत समजावी, उपचार नव्हे.

ही सोबत आपल्या स्वयंपाकघरात सहज जमते. सकाळी चहासोबत बिस्किटे किंवा खारी, क्लासहून येताना वडापाव आणि शीतपेय, रात्री जागताना नूडल्स, हा आज अनेक मुलांचा दिवस आहे. ३०० मिलिलिटर कोलात तीस ग्रॅमच्या आसपास साखर असते. त्याऐवजी ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकीची किंवा मुगाची उसळ, आमटी, पालेभाजी, काकडी-गाजराची कोशिंबीर असे जेवण रोज व्हावे. आंबा जेवणात कापून खावा. आमरस केला तर त्यात वरून साखर घालू नये. मूठभर शेंगदाण्यांना घाबरण्याचे कारण नाही. साय काढलेल्या दुधाचा मुरुमांशी संबंध काही पाहण्यांत दिसला आहे, पण वाढत्या वयात दूध-दही सरसकट बंद करणे मला चुकीचे वाटते. जिममधली व्हे प्रोटीनची पावडर मात्र दोन-तीन महिने थांबवून पाहावी.

हे सगळे घराने मिळून करायचे आहे. मुलीपुढे भाकरी आणि भावापुढे पिझ्झा असे ताट वाढले की पथ्याची शिक्षा होते. ‘हे खाऊ नको, ते खाऊ नको’ ऐकत वाढलेली मुलगी पुढे जेवणालाच घाबरू लागते. शीतपेयाची बाटली घरात आणलीच नाही, तर ती कुणालाच नाकारावी लागत नाही.

झोपेचे आणि ताणाचेही तसेच. २००३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २२ विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हा परीक्षेच्या काळात त्यांचे मुरुम वाढल्याचे दिसले. पहाटेचा क्लास, दिवसभर कॉलेज, रात्री बारापर्यंत अभ्यास आणि मग मोबाइल, हे वेळापत्रक बहुधा आपणच मुलांना आखून दिलेले असते. या वयाला आठ ते दहा तासांची झोप लागते. ती मिळावी म्हणून एखादा क्लास सोडावा लागला तरी सोडावा. केसांना चोपडलेले तेल कपाळावर उतरते आणि तिथली छिद्रे बुजवते, म्हणून तेल लावून रात्रभर झोपू नये. चेहरा दिवसातून दोनदा सौम्य साबणाने धुणे पुरे. लिंबू, टूथपेस्ट, खायचा सोडा यांनी त्वचा भाजते, आणि पुळ्या फोडल्या की व्रण राहतात.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती मेडिकलमधून परस्पर आणलेल्या क्रीमची. बीटामेथासोन, मोमेटासोनसारखी स्टिरॉइडे असलेली मलमे मुरुमांवर आणि गोरेपणासाठी सर्रास वापरली जातात. आठवडाभर चेहरा छान दिसतो. मग त्वचा पातळ होते, लाल पडते आणि मुरुम आणखी उसळतात. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण अशी मलमे लावत होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा १४ स्टिरॉइडांची मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. ती मनाई दुकानात कसोशीने पाळली गेली पाहिजे, आणि आपणही चिठ्ठीशिवाय ही मलमे मागता कामा नयेत.

साध्या मुरुमांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड, अडापॅलीन ही खात्रीची औषधे आहेत. त्यांचा गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात, तेवढा धीर धरावा. गाठीसारखे दुखरे मुरुम, खड्डे पडायला लागणे, मुलीची पाळी अनियमित असून चेहऱ्यावर केस वाढणे, किंवा मूल लोकांत मिसळायचे टाळू लागणे, यांतले काहीही दिसले तर आहाराचे प्रयोग करत बसू नये. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभाग असतो आणि थोड्या पैशांत केस पेपर निघतो. पडलेले खड्डे कोणत्याही भाजी-भाकरीने भरून येत नाहीत, आणि ते बुजवणारे उपचार महाग आणि वेळखाऊ आहेत. ते पडू नयेत यासाठी वेळेवर डॉक्टर गाठणे मात्र बहुतेक घरांच्या आवाक्यात आहे.